वाळीत टाकलेले जजसाहेब

जिल्हा कोर्टात नवे जजसाहेब बदलून येणार म्हटलं की बाररूममध्ये आठवडाभर आधीपासून चौकशा सुरू होतात. आधी कुठे होते, जामिनाला कसे आहेत, अकराच्या ठोक्याला डायसवर येतात की रमतगमत, तारीख देताना हात सैल की आखडता. एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही: हे इथल्या कुणाचे कोण लागतात? कारण ते इथले नसतातच. सहसा न्यायाधीशाला त्याच्या गावी नेमत नाहीत, आणि जरा ओळखीपाळखी व्हायला लागल्या की बदलीची ऑर्डर येते. चांगले जजसाहेब वकिलांच्या घरच्या लग्नालाही जात नाहीत. गेलेच तर अक्षता टाकून मागच्या दाराने परत. आम्ही त्याला हसतो, पण मनातून मान देतो.

अमेरिकेतल्या फेडरल ट्रायल जजचं याच्या नेमकं उलट. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देतं, आणि एकदा खुर्चीवर बसला की तो माणूस तहहयात जज. निवृत्तीचं वय नाही, पगार कमी करता येत नाही, काढायचंच तर महाभियोग. त्यांच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमातच तशी सोय आहे. बदलीची पद्धत नाही आणि बहुतेक वेळा हा गृहस्थ त्याच भागातल्या बारमध्ये मुरलेला वकील असतो. म्हणजे ज्या गल्लीत लहानाचा मोठा झाला, तिथल्या लोकांचे खटले त्याने मरेपर्यंत चालवायचे. तिथे राज्यांची कोर्टं वेगळी आणि केंद्राची वेगळी. केंद्राच्या कोर्टांमध्ये हे सगळ्यांत खालचं. पण साक्षीदार शपथ घेतो तो इथे, उलटतपासात घाम पुसतो तो इथे, ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारे सामान्य नागरिक, बसते ती इथे. वरच्या कोर्टांना कागद वाचायला मिळतात. माणसं बघायला मिळतात ती या खालच्या जजला.

सरकारपासून इतका बंदोबस्त करून ठेवलेल्या माणसाला शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून कोण वाचवणार, हा प्रश्न मला ज्युलियस वेटीज वेअरिंग या अशाच एका फेडरल जजच्या चरित्राने घातला. मी त्यांच्यापर्यंत पोचले तीही आडवाटेनेच. एका लॉ कॉलेजात ज्युरी पद्धतीवर बोलायचं होतं. मराठी माणसाला ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. १९५९ साली मुंबईत ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष' म्हटलं, सेशन्स जज मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि पुढे शिक्षा झाली. आपल्या तेव्हाच्या फौजदारी संहितेत जजला तेवढा मार्ग मोकळा होता. ज्या देशात तो मार्ग नाही तिथे जज काय करतो, हे शोधताना १९४६ सालचा दक्षिण कॅरोलिनातला एक खटला समोर आला, आणि व्याख्यान बाजूलाच राहिलं.

वेअरिंग यांचा जन्म १८८० सालचा, चार्ल्स्टनचा. चार्ल्स्टन म्हणजे जिथे अमेरिकन यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली ते बंदर. घराणं तिथे कित्येक पिढ्यांचं. वडील त्या युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेले. मुलगा तिथल्याच कॉलेजात शिकला, वकील झाला, काही वर्षं सरकारी वकिली केली, मग शहराच्या महापालिकेचा वकील झाला. राजकारणही केलं. 'कॉटन एड' म्हणून ओळखला जाणारा सिनेटर स्मिथ हा उघडउघड वर्णद्वेषी; १९३८ साली त्याच्या निवडणूक प्रचारात वेअरिंग पुढे होते. जुन्या घराण्यांच्या सोसायट्यांचे सभासद, रविवारी चर्च, संध्याकाळी क्लब. १९४२च्या जानेवारीत रूझवेल्ट यांनी केलेली त्यांची नेमणूक सिनेटने मंजूर केली तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. त्या वयात आपल्याकडे माणूस पेन्शनची कागदपत्रं झेरॉक्स करत असतो. चार्ल्स्टनमधल्या कुणालाही वाटलं असेल की आपलाच माणूस बसला, आता काळजी नको.

एकसष्टाव्या वर्षापर्यंत ते अगदी सर्वसाधारण होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नंतर ज्यांना आपण थोर म्हणतो त्यांच्या लहानपणात आपण थोरपणाच्या खुणा शोधत बसतो. इथे तसं काही सापडत नाही. साठ वर्षं या माणसाने काळ्या लोकांना रोज पाहिलं, घरात कामाला ठेवलं, आणि त्यांच्याबद्दल वेगळा विचार केला नाही. तो विचार त्यांना करावा लागला खुर्चीवर बसल्यावर, कारण तिथे हे लोक वादी म्हणून, साक्षीदार म्हणून समोर उभे राहू लागले. पगारापासून सुरुवात झाली. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार होता. १९४४ आणि १९४५ साली शिक्षकांनी दावे लावले. कायदा स्पष्ट होता, वरच्या कोर्टाचा निर्णय होता, वेअरिंग यांनी तो लागू केला. एवढंच. यात बंड काही नव्हतं, पण शहराला पहिला ठसका तिथे लागला.

मधे एक घरगुती प्रकरण घडलं, ते टाळून पुढे जाता येत नाही. १९४५ साली, तीस वर्षांहून जास्त संसार झाल्यावर, त्यांनी बायकोला घटस्फोट दिला. दक्षिण कॅरोलिनात तेव्हा घटस्फोटाची सोयच नव्हती, म्हणून तो फ्लोरिडातून घेतला. आणि लगेच एलिझाबेथ नावाच्या, उत्तरेकडून आलेल्या, आधी दोनदा घटस्फोट झालेल्या बाईशी लग्न केलं. चार्ल्स्टनच्या वरच्या वर्तुळात हे अक्षम्य होतं. दारं तेव्हाच बंद व्हायला लागली. म्हणून पुढे त्यांचे विरोधक कायम म्हणत राहिले की वेअरिंगचे निकाल म्हणजे समाजाने नाकारलेल्या माणसाने घेतलेला सूड. मला हे अर्धवट वाटतं. शिक्षकांच्या पगाराचा पहिला दावा घटस्फोटाच्या आधीचा आहे. पण पूर्ण खोटं आहे असंही मी म्हणणार नाही. ज्याला क्लबात परत जायचंय तो माणूस निकाल लिहिताना क्लबाचा थोडा तरी विचार करतो. वेअरिंग यांचा तो धागा आधीच तुटला होता. हेतू शंभर टक्के शुद्ध असलेला माणूस मी कोर्टात तरी पाहिलेला नाही, ना पिंजऱ्यात, ना डायसवर.

आता तो १९४६ सालचा खटला. आयझॅक वुडर्ड हा काळा सार्जंट पॅसिफिकच्या आघाडीवरून परतला होता. १२ फेब्रुवारीला त्याला सैन्यातून सन्मानाने मोकळं केलं आणि त्याच दिवशी, अंगावर गणवेश असतानाच, तो घरी जायला बसमध्ये बसला. वाटेत लघवीला थांबण्यावरून ड्रायव्हरशी बोलाचाली झाली. बेट्सबर्ग नावाच्या लहानशा गावात ड्रायव्हरने पोलीस बोलावले. तिथला पोलीसप्रमुख लिनवुड शल याने त्याला दंडुक्याने असं मारलं की दोन्ही डोळे कायमचे गेले. दुसऱ्या दिवशी त्याच आंधळ्या माणसाला कोर्टात उभं करून दंड ठोठावला. राज्याने शलवर काहीच कारवाई केली नाही. ऑर्सन वेल्स यांनी रेडिओवरून आठवड्यामागून आठवडे हे प्रकरण लावून धरलं, शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना भेटलं, आणि मग केंद्र सरकारने शलवर खटला भरला. तो वेअरिंग यांच्यापुढे आला.

सरकारी वकिलांनी खटला कसा चालवला हे वाचताना मला आपल्याकडच्या कित्येक फाइली आठवल्या. तपास नावापुरता. साक्षीदार मोजके. बचावाच्या वकिलाने मात्र ज्युरीला सांगितलं की शलला दोषी धरायचं असेल तर दक्षिण कॅरोलिनाने पुन्हा एकदा देशातून फुटून निघावं. ज्युरीतले सगळे गोरे. ते आत गेले तेव्हा वेअरिंग यांना कळून चुकलं होतं की हे पाच मिनिटांत परत येणार. तेवढी तरी शोभा होऊ नये म्हणून ते पट्टेवाल्याला सांगून फिरायला निघून गेले. जज जाग्यावर नाही तर निकाल कुणाला सांगणार? वीस मिनिटांनी ते परत आले, आणि अर्ध्या तासाच्या आतच ज्युरीने 'निर्दोष' सांगितलं. बंद दाराआड वीस मिनिटं वेळ काढायला लावणं, एवढीच सत्ता त्या क्षणी त्यांच्या हातात होती. सुटका झाली की तिथे जजला काही करता येत नाही. आपल्या मेहतांसारखं वर पाठवता येत नाही.

एलिझाबेथ त्या दिवशी कोर्टात बसल्या होत्या आणि निकालानंतर रडत बाहेर पडल्या. पुढे नवरा-बायको दोघं मिळून दक्षिणेतल्या वर्णव्यवस्थेबद्दल मिळेल ते वाचू लागले. ज्या शहरात जन्म गेला त्याच्याबद्दल पासष्टी ओलांडल्यावर पुस्तकांतून शिकणं! मला यातलं काही नाट्यमय वाटत नाही. मला ते अवघड वाटतं. वयानुसार चष्म्याचा नंबर बदलतो, मत सहसा बदलत नाही.

हरलेल्या या खटल्याने आणखी एक काम केलं. त्याच वर्षी डिसेंबरात ट्रुमन यांनी नागरी हक्कांवर समिती नेमली आणि १९४८च्या जुलैत लष्करातला वर्णभेद संपवणारा आदेश काढला. वुडर्डची हकिगत ट्रुमन यांच्या मनात घर करून होती, हे त्यांच्या पत्रांतून दिसतं.

वेअरिंग यांचा पुढचा मोठा निकाल जुलै १९४७चा. दक्षिण कॅरोलिनात तेव्हा एकच पक्ष जिंकायचा, डेमोक्रॅटिक. त्यामुळे खरी निवडणूक पक्षांतर्गत, उमेदवार ठरवायची, म्हणजे प्रायमरी. आणि तिथे काळ्यांना मत नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १९४४ साली टेक्सासच्या खटल्यात अशी बंदी बेकायदा ठरवली. त्यावर दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळाने विशेष अधिवेशन भरवून प्रायमरीसंबंधीचे राज्याचे सगळे कायदेच रद्द करून टाकले. आता पक्ष म्हणजे खासगी क्लब, आणि क्लबात कुणाला घ्यायचं हे क्लब ठरवेल! सहकारी सोसायट्यांचे पोटनियम ज्यांनी वाचलेत त्यांना ही हुशारी ओळखीची वाटेल. जॉर्ज एल्मोर नावाच्या काळ्या दुकानदाराने दावा लावला. वेअरिंग यांनी लिहिलं की खासगी क्लब देशाचा राष्ट्राध्यक्ष आणि खासदार निवडत नसतात. आणि पुढे ते वाक्य, जे त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं: दक्षिण कॅरोलिनाने पुन्हा देशात सामील व्हायची वेळ आली आहे. शलच्या वकिलाने फुटून निघण्याची भाषा केली होती, त्यानंतर वर्षसुद्धा झालं नव्हतं.

पक्ष ऐकेना. मत द्यायचं तर वर्णभेदाला पाठिंबा असल्याची शपथ घ्या, अशी नवी अट आली. १९४८ साली दुसरा दावा. या वेळी वेअरिंग यांनी पक्षाच्या जिल्हाध्यक्षांना कोर्टात बोलावून घेतलं आणि बजावलं की आदेश मोडला तर दंड भरून सुटका नाही, तुरुंगात जावं लागेल. त्या ऑगस्टच्या प्रायमरीत तीस हजारांहून जास्त काळ्या मतदारांनी मत दिलं.

इथून वाळीत टाकणं पूर्ण झालं. आपल्याकडे जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला. त्या कायद्यात बहिष्काराचे जे प्रकार मोजलेत त्यातले अर्धे चार्ल्स्टनमध्ये ६१, मीटिंग स्ट्रीट या पत्त्यावर सापडले असते. आयुष्यभराचे मित्र रस्ता ओलांडून पलीकडे जात. आमंत्रणं थांबली. फोनवर शिव्या येत. सख्खा पुतण्या तिथल्याच दैनिकात होता, पुढे त्याचा संपादक झाला, आणि वर्णभेदाच्या बाजूने लिहीत राहिला. विधिमंडळात ठराव आला की वेअरिंग दांपत्याला राज्याबाहेरचं तिकीट काढून द्यावं, फक्त जाण्याचं. महाभियोगाची मागणी झाली. १९५०च्या मार्चमध्ये घरासमोर क्रॉस पेटवला गेला, म्हणजे वर्णद्वेष्ट्यांची ठरलेली धमकी. ऑक्टोबरात एका रात्री दोघं पत्ते खेळत बसलेले असताना खिडकीतून काँक्रीटचे ढेकळे आत आले. स्थानिक पोलिसांच्या मते हा पोरासोरांचा चावटपणा. मग दाराशी फेडरल मार्शलांचा पहारा बसला.

कोर्ट आणि घर यांत काही मिनिटांच्या चालीचं अंतर. कोर्ट ज्या चौकात आहे त्याच्या एका कोपऱ्यावर चर्च, दुसऱ्यावर नगरपालिका, तिसऱ्यावर जिल्ह्याचं कोर्ट, चौथ्यावर फेडरल कोर्ट आणि पोस्ट. तिथले लोक त्याला कायद्याचे चार कोपरे म्हणतात. ज्या माणसांनी बोलणं टाकलंय त्यांच्याच समोरून रोज सकाळी या चौकात चालत जायचं. राज्यघटनेने नोकरी शाबूत ठेवली, पगार शाबूत ठेवला. 'काय म्हणताय, बरं आहे ना?' एवढं म्हणणारा माणूस पुरवायची सोय कुठल्याच घटनेत नसते. आपल्या बदल्यांच्या पद्धतीला मी इतकी वर्षं नावं ठेवत आले. न्यायाधीशांच्या मुलांच्या शाळा बदलतात, बायकांच्या नोकऱ्या सुटतात, अर्धवट ऐकलेले खटले नव्या साहेबांपुढे पहिल्यापासून. वेअरिंग यांच्याबद्दल वाचल्यावर त्या पद्धतीची दुसरी बाजू दिसली. परक्या गावातल्या जजला वाळीत टाकताच येत नाही, कारण तो मुळात कुणाच्या पंगतीत नसतो.

मात्र एक सांगायला हवं. वेअरिंग दांपत्य काही तोंड शिवून बसलं नव्हतं. १९५०च्या जानेवारीत एलिझाबेथनी काळ्या स्त्रियांच्या एका संस्थेत भाषण केलं आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांना आजारी, गोंधळलेले आणि ऱ्हासाला लागलेले लोक म्हटलं. देशभर गाजलं. जजसाहेब स्वतःही बोलत होते. घरी काळे पाहुणे जेवायला येत होते, ज्यात मला आक्षेपार्ह काही दिसत नाही; पण ज्या विषयावरचे दावे आपल्यापुढे यायचेत त्या विषयावर जजने व्यासपीठावरून बोलावं का? आमच्या इथल्या एखाद्या न्यायाधीशाने तसं केलं असतं तर पक्षकारातर्फे बदलीचा अर्ज मीच केला असता. आणि हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त अडला तो क्लॅरेंडनच्या खटल्यात.

क्लॅरेंडन हा चार्ल्स्टनच्या उत्तरेचा कापसाचा, गरीब शेतकऱ्यांचा भाग. गोऱ्या मुलांसाठी तीस शाळा-बस. काळ्या मुलांसाठी एकही नाही, आणि संख्येने तीच जास्त. १९४९-५० साली एका गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च व्हायचे, एका काळ्या मुलामागे ४३. लेव्हाय पिअर्सन या शेतकऱ्याने १९४७ साली आधी फक्त एका बसची मागणी केली. मग जोसेफ डिलेन या पाद्री-शिक्षकाने पालकांना गोळा केलं, आणि हॅरी ब्रिग्ज या पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या, नौदलातून परतलेल्या माणसाचं नाव वर्णक्रमाने वादींत पहिलं आलं. वादींचे वकील थरगुड मार्शल. दाव्याची मांडणी सावध होती: शाळा वेगळ्या असल्या तरी त्या समान तरी करा.

१९५०च्या नोव्हेंबरात पूर्वसुनावणीला मार्शल आले तेव्हा वेअरिंग यांनी त्यांना सुचवलं की हा दावा मागे घ्या आणि नवा लावा. शाळा वेगळ्या ठेवणं हेच घटनाबाह्य आहे असं सरळ म्हणा. मार्शल यांना ही घाई वाटत होती. पण त्यांनी ऐकलं. यातली खोच प्रक्रियेत आहे. राज्याच्या कायद्यालाच घटनाबाह्य ठरवून मनाईहुकूम मागायचा असेल तर तेव्हाच्या नियमानुसार तीन न्यायाधीशांचं पीठ बसायचं, आणि त्याच्या निकालावर थेट सुप्रीम कोर्टात अपील जायचं. जुना दावा राहता तर वेअरिंग एकटे बसले असते आणि वादी बहुधा जिंकले असते: चार चांगल्या इमारती, काही बसगाड्या. नव्या दाव्यात ते तिघांतले एक होणार होते, दोन विरुद्ध एकने हरणार होते, आणि खटला वॉशिंग्टनला पोचणार होता. त्यांनी हरायचा रस्ता निवडला.

वकील म्हणून मला हे खटकतं. न्यायाधीशाने एका पक्षाच्या वकिलाला दावा कसा बांधायचा हे सांगायचं नसतं. समोरच्या बाजूने मी असते तर आकाशपाताळ एक केलं असतं. निकाल आपल्याला आवडतो म्हणून हे विसरायचं असेल, तर उद्या न आवडणाऱ्या निकालाच्या वेळी तोंड उघडता येणार नाही. तरीही, त्या क्लॅरेंडनच्या पोरांना चार इमारती मिळून सगळं तिथेच मिटलं असतं तर बरं झालं असतं का, असं कुणी विचारलं तर माझ्याने 'हो' म्हणवत नाही. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

२८ मे १९५१ला चार्ल्स्टनला सुनावणी सुरू झाली. क्लॅरेंडनहून लोक पहाटेच गाड्या भरून आले. कोर्टाच्या जिन्यापासून बाहेरपर्यंत रांग. पीठावर वेअरिंग, त्यांच्याच राज्यातले टिमरमन, आणि अपील कोर्टाचे जॉन पार्कर. पार्कर यांची १९३० साली सुप्रीम कोर्टावरची नेमणूक सिनेटने थोडक्यात नाकारली होती, आणि ती पाडणाऱ्यांत मार्शल ज्या संघटनेचे वकील होते ती संघटनाही होती! राज्याचे वकील रॉबर्ट फिग यांनी उठल्याउठल्या कबूल करून टाकलं की शाळा असमान आहेत, सुधारायला वेळ द्या. मोठी चतुर चाल. तयार करून आणलेले अर्धे साक्षीदार त्यामुळे निकामी होतात, हे कुठलाही वकील सांगेल. पण दावा आता इमारतींचा नव्हताच. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी क्लॅरेंडनच्या सोळा काळ्या मुलांना गोरी आणि सावळी बाहुली दाखवून विचारलं होतं, छान कुठली, वाईट कुठली. आणि बहुसंख्य मुलांनी आपल्याच रंगाच्या बाहुलीला वाईट म्हटलं होतं. ती साक्ष झाली.

निकाल अपेक्षेप्रमाणे दोनास एक. पार्कर यांनी १८९६ सालच्या जुन्या निवाड्याचा आधार घेतला: वेगळं पण समान चालतं. वेअरिंग यांचं विरोधी मत वीसेक पानांचं. मी त्यातला पहिला भाग पुन्हापुन्हा वाचला, कारण तिथे ते कायद्याला हात घालण्याआधी वादींबद्दल लिहितात: पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीविरुद्ध, स्वतःच्या खर्चाने हा दावा आणणाऱ्यांनी अतुलनीय धैर्य दाखवलं आहे. मग ते म्हणतात, हे थांबवायचं तर पहिलीच्या वर्गात थांबवायला हवं, पदव्युत्तर कॉलेजात नव्हे. आणि शेवटी, विभाजन हीच मुळात असमानता आहे. १७ मे १९५४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी क्लॅरेंडनसह देशभरातले असे दावे एकत्र घेऊन जे लिहिलं, ते जवळपास हेच होतं.

हा सगळा काळ आपल्याकडे घटना लिहिली जाण्याचा, लागू होण्याचा. वुडर्डचे डोळे गेले त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेत ड्यू बॉइस या काळ्या विचारवंतांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली होती, कारण अस्पृश्यांसाठी तसंच काही करायचं मनात होतं. दोन्हीकडचे प्रश्न एकमेकांना ओळखत होते.

खुर्चीवर दहा वर्षं भरताच, १९५२च्या फेब्रुवारीत, वेअरिंग निवृत्त झाले आणि दोघं न्यूयॉर्कला राहायला गेली. सत्तरी ओलांडलेल्या जजला दहा वर्षांच्या सेवेनंतर पूर्ण पगार चालू राहतो. चौपन्नच्या निकालाच्या संध्याकाळी त्यांच्या फ्लॅटमध्ये मंडळी जमली. चार्ल्स्टनला ते परतले १९६८च्या जानेवारीत, दफनासाठी. दोनशेच्या आसपास काळी माणसं आली होती. गोरी जेमतेम डझनभर. २०१४ साली कोर्टाच्या बागेत त्यांचा पुतळा उभा राहिला. कोर्टाशेजारच्या नव्या न्यायालयीन इमारतीला माजी सिनेटर हॉलिंग्ज यांचं नाव होतं. क्लॅरेंडनच्या खटल्याच्या सुप्रीम कोर्टातल्या सुनावणीच्या वेळी तरुण हॉलिंग्ज दक्षिण कॅरोलिनाच्या बाजूच्या चमूत होते. त्यांनीच आपलं नाव काढून वेअरिंग यांचं द्या अशी विनंती केली, आणि २०१५ साली ते झालं. जिवंतपणी स्वतःच्या नावाची पाटी उतरवायला सांगणारा राजकारणी! मला तर पुतळ्यापेक्षा हेच विशेष वाटतं.

पण वेअरिंग यांच्या वनवासाबद्दल फार हळवं होण्याचं कारण नाही. तो वनवास फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा होता. ज्यांच्या दाव्यांनी त्यांना घडवलं त्यांना पगार चालू राहण्याची सोय नव्हती. हॅरी ब्रिग्जला पेट्रोल पंपावरून काढलं, त्याची बायको एलायझा मोटेलात कामाला होती तिलाही काढलं; तो पुढे कामासाठी फ्लोरिडाला गेला. डिलेन यांचं घर जळालं, चर्च जळालं, १९५५ साली जीव वाचवून त्यांना राज्य सोडावं लागलं, आणि त्यांच्यावरचं अटक वॉरंट २००० साली, त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, मागे घेतलं गेलं. मताचा हक्क जिंकणाऱ्या एल्मोरच्या दुकानाला घाऊक व्यापाऱ्यांनी माल देणं बंद केलं. तो १९५९ साली कफल्लक अवस्थेत वारला. शल मात्र पंचाण्णव वर्षं जगला.

जज स्वतःहून कुठलाच खटला सुरू करू शकत नाही. कुणीतरी दाव्यावर सही करावी लागते, आणि सही करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात उधारीवर किराणा घ्यायचा असतो. २००४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने क्लॅरेंडनच्या खटल्यासाठी आपली सुवर्णपदकं मरणोत्तर दिली, ती डिलेन, लेव्हाय पिअर्सन आणि हॅरी व एलायझा ब्रिग्ज यांना. वेअरिंग यांचं नाव त्या यादीत नाही. मला ती यादी बरोबर वाटते, आणि विरोधी मताची ती पहिली पानं वाचल्यावर वाटतं, जजसाहेबांनाही वाटली असती.